इंटिग्रलचं डेरिव्हेटिव्ह: आतलं न सोडवताच उत्तर येतं कसं?

रामदासपेठी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. भाची बारावीला आहे, जेईईची तयारी करते. दर शनिवारी वही घेऊन येते आणि माझी परीक्षा घेते. आज एका गणितावर गाडी अडली. सूत्र मी सांगितलं, पण तेवढ्यावर बाईसाहेबांचं समाधान होईना.

फोनवर मराठी कळफलकच आहे. तेव्हा चल क्ष आणि ट, फंक्शन फ असं लिहितो. ∫[०, क्ष] म्हणजे खालची लिमिट ०, वरची क्ष. घातासाठी ^ ही खूण. गणित असं:

ग(क्ष) = ∫[०, क्ष^२] साइन(ट^२) डट, तर ग′(क्ष) = ?

नोट्समध्ये उत्तर आहे २क्ष · साइन(क्ष^४), आणि त्याखाली 'लायबनिझ रूल' एवढंच. तिचं म्हणणं, "मामा, साइन(ट^२) चं इंटिग्रेशन येतच नाही असं सर म्हणाले. मग जे आपल्याला येतच नाही, त्याचं डेरिव्हेटिव्ह दोन ओळींत कसं निघालं?" शिवाय खालचं शून्य कुठे गेलं, तो २क्ष कुठून टपकला आणि ट एकदम गायब कसा झाला, हे उपप्रश्न आहेतच.

सूत्र नको आहे, कारण हवं आहे. ती शेजारी बसून वाचतेय, तेव्हा भाषा जरा जपून!

---

वर्धारोड_क्लास · रात्री ९:३१

रोज हेच शिकवतो. एकच ओळ पाठ असू द्या:

डी/डीक्ष ∫[अ(क्ष), ब(क्ष)] फ(ट) डट = फ(ब) · ब′ − फ(अ) · अ′

वरची लिमिट आत टाका, तिच्या डेरिव्हेटिव्हने गुणा. खालच्या लिमिटचं तसंच करून वजा करा. तुमच्या गणितात खालची लिमिट ०, म्हणजे स्थिर; तिचं डेरिव्हेटिव्ह शून्य, ते पद खलास. वरची क्ष^२ आत गेली की साइन(क्ष^४), आणि क्ष^२ चं डेरिव्हेटिव्ह २क्ष. झालं उत्तर. परीक्षेत या प्रकाराला दीड मिनिटाच्या वर वेळ द्यायचा नसतो.

---

तर्रीवाला · रात्री ९:३८

सर, पोरगी 'काऊन' विचारून रायली अन् तुम्ही 'कसं' सांगून रायले. तिनं पयलेच सांगितलं ना, सूत्र नोको म्हणून.

---

वर्धारोड_क्लास · रात्री ९:४०

'काऊन' विचारणाऱ्यांची बॅच वेगळी असते भाऊ, आणि ती भरत नाही.

---

अंबाझरी_फेरफटका · रात्री १०:०५

मी बरीच वर्षं बीएस्सीला गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो 'येत नाही'चा घोळ. साइन(ट^२) चा आलेख आहे, आलेखाखाली क्षेत्रफळ आहे; इंटिग्रल म्हणजे तेच. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले तरी हवं तितकं अचूक काढता येतं. येत नाही ते इतकंच, की ते क्षेत्रफळ साइन, कॉस, लॉग, घात अशा ओळखीच्या फंक्शनांच्या एखाद्या मर्यादित सूत्रात मांडता येत नाही. ई^(−ट^२) ची तीच गत. सूत्र नसलं म्हणून संख्या नाही असं होत नाही.

आता पुढची पायरी. तुझ्या गणितात क्षेत्रफळ किती हे कुणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते हे, की क्ष जरासा सरकला तर क्षेत्रफळ किती बदलतं. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा खूप सोपा आहे.

सोपं रूप घेऊ. फ हे कंटिन्युअस (आलेख कुठे न तुटणारं) फंक्शन आणि

म(क्ष) = ∫[०, क्ष] फ(ट) डट

क्ष वरून क्ष + ह वर जा. ० पासून क्ष पर्यंतचं क्षेत्रफळ होतं तसंच आहे. वजाबाकीत ते पूर्ण कटतं. उरते क्ष आणि क्ष + ह यांच्यामधली एक बारीक पट्टी. तिची रुंदी ह. त्या पट्टीत फ ची सगळ्यात लहान किंमत ल आणि सगळ्यात मोठी किंमत थ असेल, तर पट्टीचं क्षेत्रफळ ल·ह आणि थ·ह यांच्या मधे कुठेतरी. ह ने भागलं:

ल ≤ (म(क्ष + ह) − म(क्ष)) / ह ≤ थ

ह शून्याकडे न्या. पट्टी आकसत क्ष पाशी येते, आणि फ कंटिन्युअस असल्यामुळे ल आणि थ दोघंही फ(क्ष) कडे जातात. मधल्याला दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. म्हणून म′(क्ष) = फ(क्ष). (ह ऋण घेतला तरी हेच होतं, करून बघ.)

कॅल्क्युलसच्या मूलभूत प्रमेयाचा पहिला भाग म्हणतात तो हाच. या सगळ्यात फ चं इंटिग्रेशन मी कुठेच केलं नाही. करायची गरजच पडली नाही, कारण जुनं सगळं क्षेत्रफळ कटून गेलं. काठावरची नवी पट्टी तेवढी मोजली.

उपप्रश्न. खालची लिमिट ० ऐवजी ५ घेतली तर म मध्ये एका स्थिर संख्येचा फरक पडेल, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. ट हा फक्त ० पासून वरच्या लिमिटपर्यंत फिरणारा मोजणीचा चल आहे. त्याच्या जागी न लिही, प लिही, उत्तरात तो नसतोच. उत्तर अवलंबून असतं ते क्ष वर.

आणि २क्ष. तुझ्या गणितात काठ क्ष वर नाहीच, तो क्ष^२ वर आहे. क्ष = ३ घे. काठ ९ वर. क्ष ३.०१ केला तर काठ ९.०६०१ वर. म्हणजे तू ०.०१ सरकलीस, काठ मात्र जवळपास ०.०६ सरकला, सहापट. ते सहा म्हणजेच २ × ३. पट्टीची उंची काठावरची, साइन((क्ष^२)^२) = साइन(क्ष^४); रुंदी साधारण २क्ष·ह. ह ने भाग, झालं. चेन रूल म्हणतात तो यात एवढाच आहे.

---

रामदासपेठी · रात्री १०:२८

सर, साष्टांग दंडवत. ९.०६०१ ला तिचा चेहरा उजळला. लगेच पुढचा प्रश्न तयार: दोन्ही लिमिट हलत असतील तर ते वजाचं चिन्ह नुसतं नियम म्हणून, की त्याचंही असं चित्र आहे?

---

पावसाळी_बेडूक · रात्री १०:५०

याला मी घेते, कारण माझं रोजचं काम याच्याशीच आहे (पावसाचे आकडे).

बातम्यांत 'गेल्या २४ तासांत इतके मिमी' असं येतं ना? हवामान खात्याचा पावसाचा दिवस तसा ठरलेला आहे, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. पण आपण असं समजू, की घड्याळ बघू त्या क्षणापासून मागचे २४ तास मोजायचे. ट वाजता दर तासाला प(ट) मिमी पाऊस पडत असेल, तर

ब(क्ष) = ∫[क्ष − २४, क्ष] प(ट) डट

दोन्ही काठ हलतात. पुढच्या काठाने नवा पाऊस आत येतो, मागच्या काठाने २४ तासांपूर्वीचा पाऊस बाहेर पडतो. म्हणून

ब′(क्ष) = प(क्ष) − प(क्ष − २४)

वजाचं चिन्ह म्हणजे बाहेर गेलेली पट्टी. खालची लिमिट पुढे सरकली की क्षेत्रफळ कमी होतं, बाकी काही नाही.

आता हे खऱ्या दिवसाला लावून बघा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कुणाला सांगायला नको. चारेक तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सोयीसाठी धरू की चार तास सारखा, तासाला २५ मिमी पडला आणि मग पूर्ण उघडीप. पाऊस चालू असताना ब′ = २५ − ०, आकडा चढतो. थांबल्यावर ब′ = ० − ०, आकडा शंभरावर सपाट, दिवसभर ऊन पडलं तरी. आणि पाऊस सुरू झाल्यापासून बरोबर २४ तासांनी, आभाळात काहीही घडत नसताना, ब′ = ० − २५. आकडा चार तासांत शंभरावरून शून्यावर.

लोक आम्हाला फोन करून विचारतात, "आत्ता तर पाऊस नाही, मग आकडा बदलला कसा?" दुसरं पद, दुसरं काय.

---

तर्रीवाला · रात्री ११:०२

आता समजलं ना बाप्पा! इंजिनिअरिंग झाल्यावर इतक्या वर्षांनी वजाचं चिन्ह समजून रायलं मले. तवा कोनी पाऊस नाई सांगितला, सूत्र फेकून मारलं.

---

दोन_मार्कांचा_प्रश्न · रविवार, सकाळी ७:४५

मीपण बारावीतच. सर/ताई, हे बघा ना:

∫[क्ष, २क्ष] डट/ट, क्ष > ०

सूत्र लावलं तर (१/(२क्ष))·२ − (१/क्ष)·१ = ०. डेरिव्हेटिव्ह शून्य? दोन्ही काठ हलतायत, मधली जागा रुंद होत चाललीय, तरी क्षेत्रफळ बदलत नाही?

---

अंबाझरी_फेरफटका · सकाळी ८:२०

बरोबर आहे, नाहीच बदलत. क्ष = १ घेतलास तर १ ते २, क्ष = १०० घेतलास तर १०० ते २०० आणि दोन्हीकडे क्षेत्रफळ लॉग २ (पाया ई), साधारण ०.६९३१. जागा शंभरपट रुंद झाली, पण आलेख शंभरपट बुटका झाला. इथे इंटिग्रेशन येतंच म्हणून ताळा घेता येतो: लॉग(२क्ष) − लॉग(क्ष) = लॉग २. लॉगचं सगळं वागणं, गुणाकाराची बेरीज होणं वगैरे, या एका गोष्टीतून उभं करता येतं.

---

वर्धारोड_क्लास · सकाळी ९:१०

आता धागा रंगलाच आहे तर परीक्षेतला एक सापळा टाकतो. या धाटणीचे प्रश्न फार येतात:

क्ष → ० असताना (∫[०, क्ष^२] साइन(√ट) डट) / क्ष^३ ची लिमिट, म्हणजे किंमत कशाकडे जाते?

अंश शून्य, छेद शून्य, म्हणजे एल-हॉस्पिटल (अंश आणि छेद यांची वेगवेगळी डेरिव्हेटिव्ह घेऊन भागायचा नियम) लावायला जागा. अंशाचं डेरिव्हेटिव्ह मूलभूत प्रमेयाने.

---

दोन_मार्कांचा_प्रश्न · सकाळी ९:२४

२क्ष·साइन(क्ष) / ३क्ष^२ = (२/३)·(साइन(क्ष)/क्ष), म्हणजे २/३.

---

पावसाळी_बेडूक · सकाळी ९:५०

√(क्ष^२) म्हणजे क्ष नव्हे, |क्ष|. अंशात २क्ष·साइन|क्ष| हवं. उजवीकडून २/३, डावीकडून −२/३. लिमिट अस्तित्वातच नाही. प्रश्नात क्ष → ०+ असेल तरच २/३.

डेरिव्हेटिव्ह न काढताही दिसतं. अंशात क्ष फक्त क्ष^२ च्या रूपात आहे, आणि शून्याजवळ साइन(√ट) धन आहे, म्हणून अंश दोन्ही बाजूंनी धन. छेद क्ष^३ चं चिन्ह मात्र बदलतं. दोन्हीकडून एकच उत्तर येईलच कसं?

---

वर्धारोड_क्लास · सकाळी ९:५६

पर्यायांत २/३ असेल आणि 'लिमिट नाही' हा पर्याय नसेल, तर काय करायचं ते मुलांना माहीत असतं. पण तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

---

जुनी_सीताबर्डी · दुपारी १२:१५

आपण सगळे लायबनिझ, लायबनिझ करतोय. हे सगळं आपल्या भास्कराचार्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, हे कुणी सांगणार आहे की नाही?

---

अंबाझरी_फेरफटका · दुपारी १२:५५

सांगतो, पण जेवढं आहे तेवढंच. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा विचार त्यांत आहे आणि ज्या-कोज्यांच्या (साइन-कॉसच्या) बारीक फरकांचा संबंधही आहे. डेरिव्हेटिव्हच्या कल्पनेच्या फार जवळची ही गोष्ट, आणि अभिमान वाटावा अशीच. पुढे केरळात माधवाच्या परंपरेने साइन आणि पाय यांच्या अनंत श्रेढी काढल्या, तेही युरोपच्या आधी.

पण या धाग्यातलं प्रमेय म्हणजे बदलाचा दर आणि साठलेली बेरीज या दोन क्रिया एकमेकींना उलटवतात, हे सर्वसाधारण विधान. ते सतराव्या शतकातलं. जेम्स ग्रेगरीने १६६८ मध्ये आणि आयझॅक बॅरोने १६७० मध्ये ते भूमितीच्या भाषेत मांडलं. केंब्रिजला बॅरोच्या जागेवर पुढे न्यूटन आला. न्यूटन आणि लायबनिझ यांनी त्यातून हिशेबाची रीत उभी केली. ∫ ही खूण लायबनिझच्या २९ ऑक्टोबर १६७५ च्या हस्तलिखितात पहिल्यांदा दिसते. ती म्हणजे लांबवलेला 'एस'. काल मी दिलेला पट्टीचा युक्तिवाद, म्हणजे फ कंटिन्युअस आहे हे स्पष्ट धरून केलेली सिद्धता, ती फ्रेंच गणिती कोशीच्या १८२३ च्या व्याख्यानांच्या वळणाची.

दोन्हीकडच्या लोकांना त्यांचं त्यांचं श्रेय पुरेसं आहे. एकाचं काढून दुसऱ्याला द्यायची गरज नाही.

---

जुनी_सीताबर्डी · दुपारी १:०३

मान्य. तात्कालिक गतीचं तरी क्लासमध्ये सांगत जा म्हणावं.

---

रामदासपेठी · दुपारी ४:३०

भाचीचा निरोप: "सर 'फ कंटिन्युअस आहे' असं दोनदा म्हणाले. नसेल तर?"

---

पावसाळी_बेडूक · संध्याकाळी ५:१०

पोरगी पोहोचलेली आहे. दोन उदाहरणं पुरेत.

ग्रेटेस्ट इंटिजर फंक्शन घे, [ट], म्हणजे ट पेक्षा मोठा नसलेला सगळ्यात मोठा पूर्णांक. ० ते १ मध्ये ०, १ ते २ मध्ये १. म(क्ष) = ∫[०, क्ष] [ट] डट काढलंस तर १ पर्यंत ० आणि १ ते २ मध्ये क्ष − १. म कुठेही तुटत नाही, पण क्ष = १ ला त्याला कोपरा आहे: डावीकडून उतार ०, उजवीकडून १. डेरिव्हेटिव्ह नाही. फ मध्ये उडी असेल तर म मध्ये कोपरा येतो, एवढं लक्षात ठेव.

दुसरं: फ सगळीकडे ०, फक्त ट = २ ला १. एका बिंदूने क्षेत्रफळ वाढत नाही, म्हणून म सगळीकडे ०. म′(२) आहे, पण तो ०. फ(२) मात्र १. म्हणजे डेरिव्हेटिव्ह असलं तरी ते फ शी जुळेलच असं नाही. ज्या बिंदूवर फ कंटिन्युअस आहे तिथे मात्र प्रमेय चालतंच, आजूबाजूला फ कितीही उड्या मारो (इंटिग्रल निघण्याजोगं असलं म्हणजे झालं).

---

दोन_मार्कांचा_प्रश्न · संध्याकाळी ६:४०

माझा सगळ्यात वैताग आणणारा प्रश्न:

म(क्ष) = ∫[०, क्ष] (साइन(क्षट)/ट) डट

वरची लिमिट आत टाकली: साइन(क्ष^२)/क्ष, गुणिले १. खालची स्थिर. उत्तर साइन(क्ष^२)/क्ष. पण उत्तरसूचीत २·साइन(क्ष^२)/क्ष आहे. छपाईची चूक?

---

तर्रीवाला · संध्याकाळी ६:४४

आबे, उत्तर जुळलं नाई की छपाईची चूक! आमच्या टायमापासून हेच चालू हाय.

---

अंबाझरी_फेरफटका · संध्याकाळी ७:२०

उत्तरसूची बरोबर आहे. आणि हा प्रश्न इथे आला हे बरं झालं, कारण काठावरची पट्टी मोजायची रीत कुठे अपुरी पडते ते इथेच कळतं.

काल मी म्हणालो, जुनं क्षेत्रफळ वजाबाकीत कटतं. ते का कटलं? क्ष हलला तरी आतला आलेख हलत नव्हता म्हणून. इथे बघ, आत साइन(क्षट) आहे. क्ष हलला की काठ तर सरकतोच, शिवाय ० पासून क्ष पर्यंतचा अख्खा आलेख जागच्या जागी वर-खाली होतो. जुनं क्षेत्रफळ आता जुनं राहिलेलंच नाही. तेव्हा दोन हिशेब: काठाचा एक, आतल्या हालचालीचा दुसरा.

काठ: साइन(क्ष^२)/क्ष. हा तू काढलास.

आतला: काठ घट्ट धरून ठेव आणि फक्त आतल्या क्ष च्या हिशेबाने डेरिव्हेटिव्ह घे. साइन(क्षट)/ट चं होतं ट·कॉस(क्षट)/ट = कॉस(क्षट). तो त्रास देणारा ट उडाला. आता ∫[०, क्ष] कॉस(क्षट) डट = साइन(क्ष^२)/क्ष.

दोन्ही सारखेच आले, बेरीज २·साइन(क्ष^२)/क्ष.

ताळा हवा असेल तर उ = क्षट असं सब्स्टिट्यूशन कर. इंटिग्रल होतं ∫[०, क्ष^२] (साइन(उ)/उ) डउ. आता क्ष आतून बाहेर आला, फक्त लिमिटमध्ये उरला. साधं प्रमेय: (साइन(क्ष^२)/क्ष^२)·२क्ष. तेच उत्तर.

---

वर्धारोड_क्लास · संध्याकाळी ७:३५

म्हणून मी वर्गात सांगतो: सूत्र लावायच्या आधी आत क्ष दिसतोय का ते बघा. ∫[०, क्ष] (क्ष − ट) फ(ट) डट असं असेल तर दोन तुकडे करा, क्ष बाहेर काढा: क्ष∫फ − ∫ट·फ. पहिल्याला गुणाकाराचा नियम. क्ष·फ(क्ष) आणि −क्ष·फ(क्ष) कटतात, उरतं ∫[०, क्ष] फ(ट) डट. पुन्हा एकदा डिफरन्शिएट केलं की फ(क्ष). थेट सूत्रात टाकणाऱ्याला (क्ष − क्ष)·फ = ० मिळतं आणि तो खूश होऊन पुढच्या प्रश्नावर जातो.

---

पावसाळी_बेडूक · रात्री ८:१५

आतल्या चलाने डेरिव्हेटिव्ह घेण्याची ही युक्ती भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनची आवडती. शाळेत असताना शिक्षकांनी दिलेल्या एका पुस्तकातून तो ती शिकला आणि पुढे जन्मभर वापरली. युक्ती त्याची नव्हे, लायबनिझच्याच नावाने ओळखली जाते, पण आता सगळे त्याचंच नाव घेतात.

मुलांसाठी दोन प्रश्न. दोन्ही करा, मग एक गंमत दाखवते.

(१) म(क्ष) = ∫[क्ष, क्ष^२] डट/लॉग(ट), ० < क्ष < १. म′(क्ष) = ?

(२) ∫[०, १] ((क्ष − १)/लॉग(क्ष)) डक्ष = ?

---

दोन_मार्कांचा_प्रश्न · रात्री ८:४०

(१) २क्ष/लॉग(क्ष^२) − १/लॉग(क्ष). लॉग(क्ष^२) = २·लॉग(क्ष), म्हणून क्ष/लॉग(क्ष) − १/लॉग(क्ष) = (क्ष − १)/लॉग(क्ष).

(२) पार्ट्सने केलं, सब्स्टिट्यूशनने केलं, काहीच होत नाहीये... थांबा. पहिल्याचं उत्तर म्हणजेच दुसऱ्याच्या आतलं!

---

पावसाळी_बेडूक · रात्री ८:५८

तीच गंमत. (क्ष − १)/लॉग(क्ष) चं अँटिडेरिव्हेटिव्ह (ज्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की हे येतं ते फंक्शन) आपल्या हातात आधीच आहे: म. त्याचं ओळखीचं सूत्र नाही, पण लागतंय कुणाला? आता प्रमेयाचा दुसरा भाग: उत्तर = म ची क्ष → १ ला किंमत वजा क्ष → ० ला किंमत.

शून्याकडे: लिमिटमधलं अंतर क्ष पेक्षा कमी, आणि १/लॉग(ट) तिथे शून्याकडे जातं. म → ०.

एककडे: १/लॉग(ट) बेफाम मोठं होतं, पण क्ष आणि क्ष^२ मधलं अंतर शून्यावर येतं. आतल्याला ट ने गुणून भागा: ट · १/(ट·लॉग(ट)). ट इथे क्ष^२ आणि क्ष च्या मधे अडकलेला. आणि ∫[क्ष, क्ष^२] डट/(ट·लॉग(ट)) = लॉग|२·लॉग(क्ष)| − लॉग|लॉग(क्ष)| = लॉग २, क्ष काहीही असो. म्हणून म ची किंमत क्ष^२·लॉग २ आणि क्ष·लॉग २ यांच्या मधे. क्ष → १ केलं की लॉग २.

उत्तर लॉग २. सकाळी १/ट च्या प्रश्नात जो ०.६९३१ आला होता, तोच.

फाइनमनच्या वाटेने करायचं तर घ नावाचा एक चल आत घुसवा:

ख(घ) = ∫[०, १] ((क्ष^घ − १)/लॉग(क्ष)) डक्ष

घ च्या हिशेबाने आतलं डेरिव्हेटिव्ह घेतलं की लॉग(क्ष) वर येतो आणि खालच्याला उडवतो: ख′(घ) = ∫[०, १] क्ष^घ डक्ष = १/(घ + १). ख(०) = ०, म्हणून ख(घ) = लॉग(घ + १). घ = १ टाका, लॉग २. इथे लिमिट स्थिर आहेत, काठाचा हिशेब शून्य. सगळं काम आतल्या हालचालीने केलं. पहिल्या रीतीत नेमकं उलटं, सगळं काम काठांनी केलं.

घ = ३ टाकलं तर लॉग ४, तेही फुकटात.

---

रामदासपेठी · रात्री ९:२०

भाचीने घ = ३ चं काठाच्या रीतीने करून पाठवलंय, जसंच्या तसं देतो:

"∫[क्ष, क्ष^४] डट/लॉग(ट) घेतलं. डेरिव्हेटिव्ह ४क्ष^३/(४·लॉग(क्ष)) − १/लॉग(क्ष) = (क्ष^३ − १)/लॉग(क्ष). शून्याकडे ०. एककडे लॉग|४·लॉग(क्ष)| − लॉग|लॉग(क्ष)| = लॉग ४. जुळलं! पण घ = १/२ ला वरची लिमिट क्ष^(३/२) घ्यायची ना?"

---

अंबाझरी_फेरफटका · रात्री ९:३३

हो, क्ष^(घ + १). आणि घ > −१ ही अट का लागते, ते उद्या करून बघ.